जोडीचा हाटक्रूस

“हन्ने, बोट घाल त्यात,” आई खुर्चीवरून म्हणाली. “खड्डा लगेच भरून आला तर अजून थांब. राहिला तसाच, तर झालं.”

मी मैद्याच्या गोळ्यात बोट खुपसलं. खड्डा तसाच राहिला. नगरचा एप्रिल, सकाळचे साडेआठ वाजलेले, आणि पीठ तासाभरातच पातेल्याच्या काठाला आलेलं.

“झालंय,” मी म्हटलं.

“तुझं मेलीचं सगळं झालेलंच असतं. आण इकडं.”

पातेलं उचलून तिच्या मांडीवर ठेवलं. तिचे हात तेव्हा फार थरथरायचे, चमचा तोंडापर्यंत जाईतो निम्मी डाळ पदरावर. पण पिठात बोट घातलं की ते थरथरणं थांबायचं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तिनं बोट घातलं, खड्ड्याकडं बघत बसली आणि म्हणाली, “झालंय.” जसं काही मी वेगळंच सांगितलं होतं!

मग एकदम माझ्याकडं बघून, “अक्का किती वाजता येणार म्हणाली?”

“दहाची एसटी.” सकाळपासून पाचव्यांदा सांगत होते. आईला विसर पडायला लागून वर्ष झालं होतं. तीस वर्षांपूर्वीचं सगळं लख्ख आठवायचं, आणि सकाळचा चहा घेतला की नाही ते नाही.

“तुला न् अक्काला एक जोडी लावणार मी. सांगून ठेवते.”

“हो आई.”

“तोंड वाकडं करू नको.”

तोंड वाकडं कशाला करू? नऊ वर्षं मी त्याच एका गोष्टीची वाट बघत होते.

हाटक्रूस म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर म्हणाल ही बाई बडबडतेय काय. माझी आजी, आईची आई, इंग्लंडहून आलेल्या पेटन मडमच्या बंगल्यात स्वयंपाकाला होती. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, मडम बेदाणे आणि साखरेत शिजवलेल्या संत्र्याच्या साली घालून गोड बन भाजायची आणि वर मैद्याच्या पातळ पिठानं क्रूस काढायची. त्याचं इंग्रजी नाव काही आजीच्या जिभेवर बसेना. तिनं त्याचं हाटक्रूस करून टाकलं. मडम मायदेशी गेली, तिथंच वारली, बंगल्यात आता कसलंसं सरकारी ऑफिस आहे. हाटक्रूस मात्र आमच्या घरात राहिला. आजीकडून आईकडं, आईकडून आम्हा दोघी बहिणींकडं.

आणि त्याची एक रीत. हाटक्रूस एकट्यानं खायचा नाही. दोघांनी मिळून मोडायचा, अर्धा-अर्धा खायचा, आणि ज्याच्याबरोबर मोडला त्याच्यावर पुढल्या उत्तम शुक्रवारपर्यंत राग धरायचा नाही. मडमच्या गावी म्हणे असंच करायचे. आमच्याकडं जोड्या आई लावायची. दुपारच्या उपासनेहून सगळे उपाशीपोटी घरी यायचे, आई ताट घेऊन उभी राहायची आणि पाळकांनी चर्चमध्ये लग्नं जाहीर करावीत तशी नावं पुकारायची. कुणाचं कुणाशी फाटलंय हे तिला बरोबर ठाऊक असायचं. माझे दोन काका एकदा तीन महिने एकमेकांकडं बघत नव्हते, त्यांना तिनं भर घरात एकत्र पुकारलं. दोघं लाजून लाल झाले, पण मोडला हो हाटक्रूस. आईनं पुकारल्यावर नाही म्हणायची कुणाची टाप नव्हती.

माझी आणि अक्काची बोलचाल बंद होऊन नऊ वर्षं झाली होती. अक्का श्रीरामपूरला असायची. तिची एकुलती एक मुलगी जेमिमा, आमची जेमू, अकराव्या वर्षी गेली. मी मिशनच्या दवाखान्यात नर्स. जेमू माझ्या एका शब्दामुळं गेली असं अक्काचं म्हणणं होतं, आणि मी कधी त्याला उत्तर दिलं नाही. देण्यासारखं नव्हतंच काही. त्या दिवसापासून अक्का आमच्या उंबऱ्याला शिवली नाही. आईला भेटायची ती चर्चमध्ये, नाहीतर कुणाच्या लग्नात, आणि मी दिसले की निघून जायची.

त्या वर्षी आईनं फोनवर तिला सरळ सांगितलं. “मी मेल्यावर तर येशीलच. त्यापेक्षा मला कळतंय तोवर ये. मला दुसरं काही नको, तुम्ही दोघींनी माझ्यासमोर एक हाटक्रूस मोडा.” अक्कानं सगळं ऐकून घेतलं म्हणे. मग म्हणाली, येते.

मी पीठ मळून बारा गोळे केले. आईनं ते मोजले. परत मोजले. “बारा,” म्हणाली, “मडम बाराच करायची.” आमचा ओव्हन म्हणजे ते ॲल्युमिनियमचं गोल डबडं, वर काच असलेलं, त्यात एका वेळी सहाच मावायचे. गोळे दुसऱ्यांदा फुगायला फडक्याखाली ठेवले आणि क्रुसासाठी मैदा भिजवत होते, तेवढ्यात दारात “सलाम, आई” असा आवाज आला.

मी चमचा ठेवून दाराशी गेले. अक्का एकदम म्हातारी दिसत होती. माझ्याहून चारच वर्षांनी मोठी, पण केस सगळे पांढरे, आणि पाठीला बाक. पांढरी साडी, उत्तम शुक्रवारची. दाजी आले नव्हते, त्यांना दमा होता.

आईनं तिचं तोंड दोन्ही हातांत धरून मुके घेतले. मी पाण्याचा तांब्या पुढं केला. तिनं घेतला. म्हणाली, “उपास आहे माझा, हन्ना.” आणि तांब्या तोंडाला न लावता खाली ठेवला. मी हन्ना झाले होते. घरात मला सगळे हन्ने म्हणायचे, तीही म्हणायची.

“क्रूस कोण काढतंय?” आईनं विचारलं.

“मी,” मी म्हटलं.

“तुझे क्रूस म्हणजे नांगरट! अक्का, तू काढ बाई. लहानपणापासून तुझं काम ते.”

मला वाटलं आता ही सबब सांगणार. पण अक्कानं पदर खोचला, हात धुतले, दुधाच्या रिकाम्या पिशवीत मैद्याचं पातळ पीठ भरलं, कोपरा कातरीनं इवलासा कापला आणि गोळ्यांवर रेघा ओढायला लागली. आधी सगळ्या उभ्या, एका दमात, मग सगळ्या आडव्या. एक रेघ इकडची तिकडं नाही. मी शेजारी उभी राहून ट्रे फिरवून देत होते. आमची कोपरं एकमेकींना लागत होती. खरं सांगते, माझ्या मनात आलं, मिटलं. हिनं हात लावला म्हणजे मिटलंच. एवढी आनंदले मी, की ओव्हन तापवायचाच राहिला.

बारावा क्रूस काढून झाला तसं अक्कानं मान वर केली आणि फळीकडं बघितलं.

“तो डबा कुठाय?” हळूच, आईला ऐकू जाणार नाही अशा आवाजात.

“टाकला.”

“कधी?”

“तेव्हाच.”

“आम्हीपण टाकला,” ती म्हणाली. पिशवी कचऱ्यात टाकून हात धुतले आणि चर्चला निघून गेली.

डब्याचंही सांगायला हवं. हाटक्रुसाची दुसरी रीत. दरवर्षी त्यातला एक बन खायचा नाही. तो चुलीच्या कडेला ठेवून खडखडीत वाळवायचा आणि डब्यात घालून फळीवर ठेवायचा. उत्तम शुक्रवारच्या बनाला बुरशी येत नाही, म्हणायचे. वर्षभरात कुणाचं पोट बिघडलं की तो सहाणेवर उगाळून कोमट पाण्यातून द्यायचा. हेही मडमकडचंच. मी नर्सिंगला गेल्यावर आईची खूप टिंगल केली त्यावरून. अक्काच्या घरीही आईनं दिलेला असा एक डबा असायचा.

जेमूचं पोट दुखायला लागलं तो जुलैतला एक मंगळवार. दुपारी दोनला अक्काचा फोन आला. जेमूला दोनदा उलटी झाली, अंगात कसकस आहे, बेंबीपाशी दुखतंय म्हणते, काय करू, नगरला आणू का? मी म्हटलं, “अगं काही नाही, अरबटचरबट खाल्लं असेल. तुझ्या डब्यातला हाटक्रूस उगाळून दे, आणि सकाळी बघू.” ती म्हणाली, “नक्की ना? तू नर्स आहेस म्हणून विचारते.” मी म्हटलं, “नक्की.”

तिचं अपेंडिक्स होतं. रात्रीत फुटलं. सकाळी जीप करून नगरला आणत होते, राहुरी ओलांडायच्या आत जेमू गेली. बनानं काही केलं नाही, बन बिचारा काय करणार? एक रात्र गेली. पोरीला ती एक रात्रच हवी होती.

जेमूचा आणि माझा लळा फार होता. मी लग्न केलं नाही, लेकरू म्हणाल तर तीच. बोलायला लागल्यापासून दर उत्तम शुक्रवारी ती आजीच्या मागं लागायची, “मला मावशीबरोबर लाव, मला मावशीबरोबर.” आणि आई पुकारायची, “हन्नी आणि जेमू!” मग ती मोठा अर्धा स्वतः घ्यायची आणि तिच्यातले बेदाणे काढून माझ्या अर्ध्यात खोचायची. तिला बेदाणे आवडायचे नाहीत.

अक्का चर्चला गेली त्या दुपारी मी आईला घरीच ठेवून बन भाजत बसले. तीन तासांची उपासना तिला बसवत नव्हती. पहिले सहा जरा करपले, दुसरे चांगले झाले. गरम असतानाच वरून साखरेचा पाक लावला. दालचिनी-जायफळाचा वास गल्लीभर गेला असणार. मी आईला घोकून घेत होते, अगदी शाळेतल्यासारखं.

“आई, कुणाची जोडी लावायची?”

“तुझी न् अक्काची.”

“परत सांग.”

“तुझी न् अक्काची. मला काय खुळी समजतेस?”

साडेतीनला अक्का आली. चर्चमध्ये रडली असावी, डोळे सुजले होते. मी काळा चहा केला. खोलीत आम्ही तिघीच. आई उभी राहिली. तिला उभं राहायचंच होतं, मी एका बाजूनं धरलं, अक्कानं दुसऱ्या बाजूनं. ताट तिच्या हातात दिलं तसं ते खडखडायला लागलं, म्हणून अक्कानं खालून हात लावला. आईनं डोळे मिटून छोटीशी प्रार्थना केली. मडमच्या आत्म्यासाठी केली, बाबांसाठी केली.

मग डोळे उघडून ठसक्यात, अगदी पूर्वीच्याच आवाजात तिनं पुकारलं.

“अक्का आणि मी!”

मी म्हटलं, “आई, अगं...”

“थांब गं मध्ये. हन्नी आणि जेमू!”

आईनं एक बन उचलून अक्काबरोबर मोडला, तिचा अर्धा तिच्या हातात दिला, आपला तोंडात टाकला. दुसरा माझ्या हातात दिला आणि इकडंतिकडं बघायला लागली.

“जेमू कुठाय? हाक मार तिला. कुठं उंडारतेय? चहा गार होतोय.”

मी बन हातात धरून उभी. अक्काकडं बघायची हिंमत नव्हती. मला वाटत होतं, ही आता ताट भिरकावून देणार आणि निघणार, आणि तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

“जेमूऽ,” आई दाराकडं तोंड करून म्हणाली.

“येतेय ती, आई. तू बस,” अक्का म्हणाली. आईला तिनं खुर्चीत बसवलं. तिच्या हातात चहाची बशी दिली. मग माझ्यासमोर येऊन हात पुढं केला.

“मोड,” म्हणाली.

मी मोडला. तिनं मोठा अर्धा घेतला. त्यातले बेदाणे नखानं एकेक काढून माझ्या हातातल्या अर्ध्यावर ठेवले. पाच होते. मग उभ्याउभ्याच, माझ्या डोळ्यांत बघत तिनं तो सगळा खाल्ला. एकेक घास गिळायला तिला वेळ लागत होता. मीही खाल्ला. मला रडू आवरेना.

“अक्का,” मी म्हटलं, “अक्का गं...”

“हा जेमूच्या वाटचा खाल्ला मी,” ती म्हणाली. “तिचा तुझ्यावर राग नसता राहिला. तिला तू फार आवडायचीस. म्हणून तिच्यातर्फे मोडला. माझ्या वाटचा नाही, हन्ना. माझा मी आईबरोबर मोडला.”

“मिटलं ना?” खुर्चीवरून आई. तिला आता एकाएकी आठवलं होतं. “दोघींनी मोडला ना?”

“मोडला आई,” अक्का म्हणाली. “मिटलं.”

आई रडली. आमचे दोघींचे हात धरून, मोठमोठ्यानं, लहान पोरीसारखी रडली, आणि देवाचे आभार मानले. आम्ही दोघी तिच्या दोन बाजूंना उभ्या राहून तिची पाठ चोळत होतो.

पाचच्या एसटीला अक्का निघाली. मी फाटकापर्यंत गेले. नको म्हणाली नाही. फाटकाशी मला राहवलं नाही. नऊ वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं ते मी तिला सांगितलं.

“अक्का, त्या दिवशी मी रात्रपाळी करून आले होते. फोननं झोपमोड झाली. मला फक्त झोपायचं होतं. तू लवकर फोन ठेवावास म्हणून मी ते उगाळून दे म्हणाले. माझा त्या बनावर कधीच विश्वास नव्हता.”

ती थांबली. मला वाटलं मारेल. मारायला हवं होतं.

“ठाऊक आहे मला,” ती म्हणाली. “तुझ्या आवाजावरून तेव्हाच कळलं होतं. पेंगत होतीस. कळत होतं, ही झोपेत बोलतेय, हिचं ऐकू नये. पोरगी पोटाशी पाय घेऊन पडली होती. तरी मी सहाण काढली.”

“मग...”

“मग काय? तुला माफ केलं तर मी एकटीच उरते, हन्ने. तेवढं नाही व्हायचं माझ्याच्यानं.”

ती हन्ने म्हणाली ते बहुधा तिच्याही लक्षात आलं नाही. छत्री उघडली आणि उन्हातून स्टँडकडं गेली. मी घरात येऊन ताटं घासली. दहा हाटक्रूस उरले होते, ते शेजारच्या मुलांना जोडीजोडीनं वाटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं विचारलं, “अक्का किती वाजता येणार म्हणाली?”

मी म्हटलं, “काल येऊन गेली की, आई. आम्ही हाटक्रूस मोडला.”

“खरंच? मिटलं?”

“मिटलं.”

आणि ती पुन्हा तश्शीच रडली, आनंदानं. त्यानंतर रोज. रोज सकाळी विचारायची, रोज मी सांगायचे, आणि रोज तिला तो आनंद पहिल्यांदाच व्हायचा. असे पाच महिने. मला वाटायचं, सांगून सांगून मलाही खरं वाटायला लागेल. नाही लागलं.

सप्टेंबरात आई गेली. अक्का आणि दाजी मातीला आले. कबरीच्या त्या बाजूला अक्का, या बाजूला मी. मूठमूठ माती टाकून झाली, पाळक निघाले, लोक पांगले. अक्का वळसा घालून माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. माझ्याकडं बघितलं नाही.

“तिला सांगायचीस ना, मिटलं म्हणून?”

“रोज,” मी म्हटलं.

“बरं केलंस.”

तिनं पदरानं हाताची माती पुसली आणि दाजींच्या मागोमाग फाटकाकडं गेली. त्याला आता चौदा वर्षं होतील. त्यानंतर आम्ही बोललेलो नाही.